वाद झालाच तर कोर्ट कुठलं?

दाजींच्या बेदाण्याच्या धंद्याला वेबसाइट हवी होती. नाव मोकळं होतं, कार्ड हातात होतं, 'अटी मान्य'च्या चौकोनात टिचकी मारायची तेवढी बाकी. पण दाजींनी माझा हात धरला. तासगावच्या सौद्यात बसणारा माणूस न वाचता सही करत नाही. चष्मा आला, चहा आला आणि मी तो लांबलचक करार मराठीत सांगायला बसलो.

अधिकारक्षेत्राच्या कलमाशी गाडी अडली. नाव नोंदवणाऱ्या कंपनीशी वाद झाला तर निवाडा अमेरिकेतल्या कुठल्याशा काउंटीच्या कोर्टात. मला वाटलं, दाजी भडकणार. ते खूश! "पाव्हणं, ही तर आपलीच ओळ!" म्हणत त्यांनी बिलबुक काढलं. तळाशी, 'चूकभूल देणे घेणे'च्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'वाद तासगाव न्यायकक्षेत.' याच ओळीवर त्यांनी इंदूरपर्यंतच्या व्यापाऱ्यांना दम भरलाय.

मी शहाणपणा पाजळला. वाराणसीत दावा लावणाऱ्या हकम सिंगना १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईची वाट दाखवली, कारण गॅमन कंपनीबरोबरच्या करारात मुंबईचंच कोर्ट लिहिलं होतं.

"बघा! लिहिलेलं खरं होतं," दाजी म्हणाले. "आणि आपल्या नावावर दुसऱ्यानंच हक्क सांगितला तर?"

तर डॉट कॉमसारख्या वेबसाइट-नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकान संस्थेचं १९९९ चं तंटाधोरण. तक्रारदारानं आधीच कबूल करायचं की निकालाला आव्हान मिळालं तर एका कोर्टात हजर राहीन: नाव नोंदवणाऱ्या कंपनीच्या मुख्य कचेरीच्या गावचं, नाहीतर नावाच्या मालकाच्या नोंदलेल्या पत्त्यावरचं. निवड तक्रारदाराची. निकाल विरुद्ध गेला तर कामकाजाच्या १० दिवसांत आपण तिथं दावा लावायचा, की नाव हलत नाही.

दाजी सावरून बसले. "म्हणजे तक्रार करणारी अमेरिकेची कंपनी आपल्या कोर्टात येऊ शकते?"

"तिनं तसं निवडलं तर."

"पत्ता नीट लिहा. गल्लीसकट."

मी सुचवलं, त्यापेक्षा 'डॉट इन' घ्या. नावाचा तंटा झाला तर 'डॉट इन'चा कारभार बघणारी दिल्लीची निक्सी ही संस्था लवाद नेमते.

"दिल्ली? गोवा एक्सप्रेस सांगलीवरनंच जाते की!"

"जावं लागत नाही दाजी. बहुतेक सगळं ईमेलवर, कागदोपत्रीच उरकतं."

त्यांचा चेहरा उतरला. "कुणी यायचं नाही, जायचं नाही? मग भांडायचं कशाला? डॉट कॉमच घ्या."