गणित नको म्हणून नर्सिंग?

नर्सिंगवरच्या तुमच्या लेखातलं बाकी बरंच पटलं, पण ‘गणित जमत नसेल तर नर्सिंग घ्या’ हा सल्ला मुलांना कृपया देऊ नका. इथे इंदूरला मी पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवते. बऱ्याचजणी हाच समज घेऊन येतात आणि मग सलाइनचं गणित पुढ्यात येतं. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय, सेटचे (सलाइनच्या नळीचे) २० थेंब म्हणजे १ मिली. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे झालं वहीत. वॉर्डात घड्याळ थेंब पडतात त्या चेंबरशेजारी धरून, अंगठ्याने नळीवरचा रोलर सरकवत तो वेग जमवायचा, आणि पेशंटने हात दुमडला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मायक्रोड्रिपला, म्हणजे बारीक थेंबांच्या सेटला, ६० थेंबांचा १ मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. हे सगळ्यांना पाठ असतं. का, ते विचारलं की वर्ग चिडीचूप!

लेखात आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा आहे, त्यांचे आलेख नाहीत. क्रिमियाच्या युद्धातले बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे तर रोगांनी मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये आकृत्या काढून दाखवलं होतं.

परवा भाचीने विचारलंच, “मावशी, किती गणित लागतं गं?” म्हटलं, गुणाकार, भागाकार आणि एककं, बस. पण मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम वाचलंस तर डोस हजारपट.