घरबसल्या कॉलेजच्या फाइली: त्या मेसेजमधल्या चौथ्या मुद्द्याबद्दल

मंगळवारी रात्री भाचीचा फोन आला. "मामा, कॉलेजच्या सर्व्हरवरच्या माझ्या सगळ्या फाइली घरी काढल्या. आता या पावसात चर्चगेटला जायला नको." पोरगी विरारला राहते, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे. मला कौतुक वाटलं. कसं केलंस विचारलं, तर म्हणाली, "ग्रुपवर मेसेज फिरतोय ना, सहा मुद्द्यांचा."

तो मेसेज तिने मला पाठवला. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तोच. मी वीस वर्षं सर्व्हर सांभाळून पोट भरतो, त्यामुळे वाचता वाचता चहा गार झाला. त्यातलं फाइलझिला म्हणजे सर्व्हरवरून फाइली ने-आण करणारं सॉफ्टवेअर, एफटीपी ही त्या ने-आणीची जुनी पद्धत, पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, आणि व्हीपीएन म्हणजे बाहेरून कॉलेजच्या आतल्या नेटवर्कमध्ये नेणारा सुरक्षित रस्ता. मेसेज थोडक्यात असा:

"गाड्या बंद? नो टेन्शन! १) फाइलझिला खालच्या लिंकवरून घ्या, ओरिजिनलमध्ये जाहिराती येतात. २) पोर्ट २१ टाका, २२ स्लो आहे. एफटीपी आपल्या भारतीयानेच बनवलंय, बिनधास्त वापरा. ३) व्हीपीएनची गरज नाही, स्टेशनच्या वायफायवरही चालतं. ४) 'अननोन होस्ट की' अशी वॉर्निंग आली तर 'ऑलवेज ट्रस्ट'वर टिक करून ओके करा. नंतर परत आली तरी ओके करा. ५) परमिशन डिनाइड आलं तर फोल्डरला ७७७ द्या. ६) फाइलवर डबल क्लिक करून सर्व्हरवरच एडिट करा. जास्तीत जास्त विद्यार्थ्यांपर्यंत पोचवा."

आधी चौथा मुद्दा. बाकीच्यांनी नुकसान होईल, पण याने सवय बिघडते.

मुळात ज्याने हे लिहिलं त्याने स्वतः करून पाहिलेलं नाही. दुसऱ्या मुद्द्यात तो २१ टाका म्हणतो. २१ हे साध्या एफटीपीचं पोर्ट, आणि साध्या एफटीपीत होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली, हा प्रकारच नसतो. ती वॉर्निंग येते ती एसएफटीपीत, म्हणजे एसएसएच या कुलूपबंद जोडणीतून फाइली नेणाऱ्या पद्धतीत, बहुधा २२ वर. नावं सारखी असली तरी हे दोन वेगळे प्रोटोकॉल आहेत. भाचीचंही तेच झालं. २१ लागेना, म्हणून तिने २२ टाकून पाहिलं, वॉर्निंगची चौकट आली, आणि तिने मेसेजप्रमाणे टिक करून ओके केलं.

त्या चौकटीत काय लिहिलेलं असतं? की या सर्व्हरची ओळख मला नवीन आहे, तुम्हाला वाटतंय तेच हे मशीन आहे याची खात्री मी देऊ शकत नाही. खाली त्या किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट), म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ असते, बहुतेक वेळा एसएचए२५६ ने सुरू होणारी. तो कॉलेजने दिलेल्या ठशाशी जुळवून मगच ओके करायचं असतं. लोकलमध्ये साध्या कपड्यातला कोणी येऊन "तिकीट दाखवा, दंड भरा" म्हणाला तर आपण आधी त्याचं ओळखपत्र मागतो की नाही? ही चौकट तुमच्या हातात ओळखपत्रच ठेवते, आणि मेसेज सांगतो की न बघता पैसे द्या.

हे माझ्या मनाचं नाही. एसएसएचची रचना ज्यात मांडली आहे तो इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा दस्तऐवज म्हणजे आरएफसी ४२५१, जानेवारी २००६ चा. त्यात साफ म्हटलंय की पहिल्यांदा जोडताना की तपासली नाही, तर नुसतं चोरून ऐकणाऱ्यापासून संरक्षण मिळतं, पण मध्ये उभं राहून दोन्हीकडे बोलणाऱ्यापासून मिळत नाही. म्हणजे तुम्ही आणि सर्व्हर यांच्यामध्ये कोणी बसला असेल, तर तुमचं सगळं व्यवस्थित कुलूपबंद होऊन त्याच्याच हातात जातं. पासवर्डसकट.

'नंतर परत आली तरी ओके करा' हे तर फार भयंकर आहे. पहिल्या वेळची चौकट म्हणते, "ओळखत नाही." नंतरची म्हणते, "ओळखत होतो, पण आज चेहरा बदललाय." कॉलेजने मशीन बदललं किंवा सर्व्हर नव्याने बसवला तर असं होतं, हे मान्य. पण मग कॉलेजला फोन करून विचारायचं. ही दुसरी चौकट जन्मात एखाद-दोनदा दिसते, आणि तेवढ्यासाठीच ही सगळी यंत्रणा उभी आहे.

यातली गंमत अशी की एसएसएच जन्मलं तेच एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाली म्हणून. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड टिपून ठेवणारा प्रोग्रॅम सापडला, त्यात हजारो लोकांचे पासवर्ड गोळा झालेले होते. तिथल्या टाटू युलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं, आणि त्याच वर्षी जुलैत पोर्टसाठी अर्ज केला. एफटीपीचं २१, दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या टेलनेटचं २३, मधलं २२ रिकामं होतं, ते मिळालं. म्हणजे २२ हे २१ च्या दुखण्यावरचं औषध आहे, आणि आपल्याकडे मेसेज फिरतोय की औषध स्लो आहे, दुखणंच घ्या.

भारतीयाने बनवलं, हे मात्र खरं आहे. एफटीपीचा पहिला मसुदा, आरएफसी ११४, एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत होते. अभिमान जरूर बाळगा. पण त्या काळी त्या नेटवर्कवर मोजक्या संस्था होत्या, चोरून ऐकणार कोण? साध्या एफटीपीत नाव आणि पासवर्ड जसेच्या तसे जातात, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखे. स्टेशनच्या फुकट वायफायवर ते वाचायला हॅकर लागत नाही, मोकळा वेळ असलेला मुलगा पुरतो. फायरफॉक्स आणि क्रोमनेही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं.

व्हीपीएनबद्दल नाइलाजाने अर्धं कबूल करतो. एसएफटीपी स्वतःच सगळं कूटबद्ध करतं, त्यामुळे कॉलेजने २२ बाहेरून उघडं ठेवलं असेल तर व्हीपीएनवाचून चालतं. उघडं नसेल तर बहुधा 'कनेक्शन टाइम्ड आउट' येईल आणि कुठलीही युक्ती चालणार नाही. व्हीपीएन लावा.

लिंकचंही अर्धं खरं. फाइलझिलाच्या अधिकृत पानावरच्या मोठ्या बटणातून विंडोजसाठी जो इन्स्टॉलर उतरतो, तो सोबत इतर सॉफ्टवेअर गळ्यात मारू बघतो. मलाही त्याचा राग आहे. पण त्याच पानावर बाकीचे पर्याय उघडले की जाहिरातींशिवायचा मिळतो. विंडोजवर विनएससीपीही आहे, तेही फुकट. मग मेसेजमधल्या लिंकवरून कुणाच्या ड्राइव्हवरची झिप घ्यायचं कारण काय? जानेवारी २०१४ मध्ये अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीने दाखवून दिलं होतं की फाइलझिलाच्या बनावट आवृत्त्या फिरताहेत. दिसायला अस्सल, कामही अस्सलसारखंच, फक्त लॉगिनची माहिती गुपचूप तिसरीकडे पाठवणाऱ्या. भाचीने झिपच घेतली होती. ती काढायला लावली, मशीन तपासलं, आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलला.

आता ७७७. हे वाचून मी मोठ्याने हसलो, बायको आतून विचारायला आली. तीन आकडे म्हणजे मालक, गट आणि बाकी सगळं जग. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, मिळून ७. म्हणजे ७७७ दिलं की त्या सर्व्हरवर खातं असलेला कोणीही तुमचा प्रबंध वाचेल, बदलेल, पुसेल. आणि हा उपाय लागूच पडत नाही! फोल्डर दुसऱ्याचं असेल तर त्याच्या परवानग्या तुम्हाला बदलताच येत नाहीत. जिथे अडलंय तिथे चालत नाही, आणि जिथे चालतं तिथे बहुतेक वेळा अडलेलंच नसतं. वर आपल्या मुख्य फोल्डरला ७७७ दिलं आणि सर्व्हर ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरवर असला, तर पासवर्डऐवजी की वापरून होणारं लॉगिन तो सहसा नाकारतो, कारण असल्या उघड्या घरावर त्याचाही विश्वास नसतो. परमिशन डिनाइड दिसलं की आधी बघा, आपण आपल्याच फोल्डरमध्ये आहोत का.

सहावा मुद्दा: डबल क्लिकने फाइल सर्व्हरवर उघडत नाही, तिची प्रत तुमच्या लॅपटॉपवर उतरते. भाचीच्या मैत्रिणीने रात्रभर त्या प्रतीत लिहिलं, आणि सरांनी सकाळी सर्व्हरवर जुनीच फाइल पाहिली. 'व्ह्यू/एडिट' वापरलं तरी सेव्ह केल्यावर परत चढवू का असं फाइलझिला विचारतं, त्याला हो म्हणावं लागतं.

बुधवारी मी भाचीला कॉलेजच्या लॅबमध्ये फोन करायला लावला. ठसा वाचून दाखवा म्हणाली, तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "कसला ठसा?" समजावल्यावर त्यांनी शोधून काढायला चाळीस मिनिटं घेतली. मग एकेक अक्षर वाचलं, कॅपिटल की स्मॉल ते सांगत. जुळला. "बघ, काही झालं नव्हतं," भाची म्हणाली. मी काही बोललो नाही.

त्या गृहस्थांचा मात्र राग आला नाही. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाले, आणि लगेच ठसा कागदावर छापून लावलासुद्धा. लॅबच्या दारावर, आतल्या बाजूने. घरी बसलेल्यांनी तो कसा वाचायचा, हे विचारायला भाची सोमवारी परत फोन करणार आहे.