मदत मागणारा मार्शल

हॉवर्ड हॉक्स या दिग्दर्शकाला 'हाय नून' हा १९५२ सालचा वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, मुळीच आवडला नव्हता. त्याचं म्हणणं असं, की चांगला शेरीफ कधी मदतीसाठी गावभर दारं ठोठावत फिरेल का? आणि एवढं फिरून शेवटी त्याला वाचवते कोण, तर त्याची बायको, तीही हिंसा निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर पंथाची! या रागातूनच त्याने जॉन वेनला घेऊन १९५९ साली 'रिओ ब्राव्हो' काढला. त्यातला शेरीफ कुणापुढे पदर पसरत नाही, उलट मदतीला आलेल्यांनाच 'हे तुमचं काम नाही' म्हणून बाजूला ठेवतो. सिनेमा झकास आहे, मी तो आवडीने पाहतो. पण हॉक्सचा आक्षेप मात्र मला अजिबात मान्य नाही. त्याला जे खटकलं, नेमकं त्याच्यासाठीच मी 'हाय नून' पुन्हा पुन्हा बघत आलोय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यू मेक्सिको टेरिटरीमधलं हॅडलीव्हिल नावाचं छोटं गाव. रविवारची सकाळ. गावचा कायदा सांभाळणारा मार्शल विल केन, त्याचं नुकतंच लग्न लागलंय. नोकरी सोडून, बिल्ला उतरवून तो नव्या बायकोबरोबर दुसरीकडे दुकान थाटायला निघालाय. तेवढ्यात तार येते: पाच वर्षांपूर्वी त्याने ज्याला पकडून शिक्षेला पाठवलं होतं तो फ्रँक मिलर माफी मिळून सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघत बसलेत. नवा मार्शल उद्याशिवाय येणार नाही. घड्याळात पावणेअकरा वाजायला आलेत.

पुढचा सगळा सिनेमा म्हणजे हा सव्वा तास. एकूण लांबी ८५ मिनिटं, आणि पडद्यावरची वेळ आपल्या हातातल्या घड्याळाच्या जवळपास बरोबरीने सरकते. भिंतीवर घड्याळं, लोंबते लंबक, आणि दूरवर जाणारे मोकळे रूळ. दिग्दर्शक फ्रेड झिनेमनने वेस्टर्नमधली सगळी नेहमीची मौज काढून टाकलीय. डोंगरदऱ्या नाहीत, सूर्यास्त नाहीत, घोड्यांचे पाठलाग नाहीत. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बीने अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मॅथ्यू ब्रेडीने काढलेले फोटो डोळ्यांसमोर ठेवले होते. म्हणून आभाळ पांढरंफटक, रस्ता पांढराफटक, सावलीला जागा नाही. उन्हाळ्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर उभं राहिल्यावर डोळे दिपतात ना, तसं वाटत राहतं.

कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीच्या खेळाला हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला कंटाळा आला होता. गोळीबार कधी होणार याचीच वाट बघत बसलो होतो. आता पन्नाशी ओलांडल्यावर कळतंय की गोळीबार ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. खरी लढाई आधीच्या तासाभरात होऊन जाते, आणि ती केन हरतो.

केनचं काम करणारा गॅरी कूपर तेव्हा पन्नास वर्षांचा होता. पोटात अल्सर, पाठीचं दुखणं. ते दुखणं त्याने चेहऱ्यावरून लपवलं नाही आणि झिनेमननेही लपवू दिलं नाही. इतका थकलेला नायक त्या काळातल्या हॉलिवुडमध्ये मला दुसरा आठवत नाही. केन शूर आहे का? आहे. पण तो घाबरलेला आहे आणि ते आपल्याला दिसतं. तो मृत्युपत्र लिहितो. मोकळ्या रस्त्यावरून चालताना तो सतत कडेच्या खिडक्यांकडे बघतो. वेनच्या चालीत जी मस्ती आहे ती कूपरच्या चालीत शोधूनही सापडत नाही.

आणि तो मागतो. न्यायाधीशाकडे जातो तर तो कायद्याची पुस्तकं, न्यायाचा तराजू आणि भिंतीवरचा झेंडा खोगिराच्या पिशवीत भरतोय. सकाळी यानेच केनचं लग्न लावलं होतं. जाता जाता तो प्राचीन अथेन्सची गोष्ट ऐकवतो: हाकलून दिलेला जुलमी परत आला तेव्हा लोकांनीच दार उघडलं आणि कारभाऱ्यांना मारलं जात असताना बघत उभे राहिले. इतिहास पाठ असलेला माणूस सगळ्यात आधी पळतो, हे किती खरं आहे!

केनचा जुना गुरू मार्टिन हाव. त्याच्याकडे बघूनच केन या पेशात आलेला. त्याची बोटं संधिवाताने वाकडी झालीत. यायची इच्छा आहे, पण तो म्हणतो, मी आलो तर माझीच काळजी घेता घेता तू मरशील. यात खोटं काहीच नाही. आणि मग तो जे सांगतो त्याचा मथितार्थ असा, की कायदा हवा असं लोकांना आधी स्वतःच्या मनाला पटवावं लागतं, आणि बहुधा आतून त्यांना त्याचं काही सोयरसुतकच नसतं. लॉन चेनी ज्युनियर हे बोलतो तेव्हा आवाज चढवत नाही. खुर्चीत खिळलेला म्हातारा, मांडीवर ते निकामी हात.

या सिनेमात भित्रा म्हणून हिणवून मोकळं होता येईल असा माणूस जवळपास नाही. ज्याला त्याला कारण आहे, आणि बहुतेक कारणं आपल्या घरात रोज बोलली जाणारी आहेत. हर्ब बेकर नावाचा एक जण तर सकाळीच आपणहून येतो, मी आहे म्हणतो. बाराला थोडा वेळ असताना पुन्हा येतो आणि विचारतो, बाकीचे कुठायत? कुणीच नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा बघा. तो आधी खोटं बोलत नव्हता. दहा जण असते तर तो खरंच लढला असता. एकट्यादुकट्याने उभं राहायची वेळ आल्यावर मात्र त्याला बायकापोरं आठवतात. केन त्याला एक शब्द लावत नाही. पोरांकडे जा म्हणतो, बस्स.

त्यानंतर मदतीला कोण येतं? एक चौदा वर्षांचा पोरगा, तोही सोळाचा आहे म्हणून खोटं सांगून. त्याआधी एका डोळ्याने अधू असलेला एक दारुडा येऊन गेलेला. ज्यांच्या हातात काही नाही तेच आपणहून पुढे येतात, आणि केन दोघांनाही प्रेमाने परत पाठवतो.

आता सॅम फुलरचा प्रसंग. हा केनचा मित्र. केन येताना दिसतो तेव्हा तो बायकोला सांगतो, मी घरी नाही म्हण. ती दारात उभी राहून खोटं बोलते. तिला ते जमत नाही आणि केनला कळतं. तो काही न बोलता जातो. दार लागल्यावर फुलर बायकोवरच डाफरतो: मी मरावं, तू विधवा व्हावंस, असं हवंय का तुला? मिनिटाभराचा प्रसंग असेल.

हा प्रसंग मला बघवत नाही, आणि त्याचं कारण इथे सांगायलाच हवं. काही वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी बिल्डरविरुद्ध तक्रार केली होती. गच्चीचा प्रश्न होता, कागद सगळे त्यांच्या बाजूने होते. मीटिंगमध्ये आम्ही सगळे तावातावाने बोललो, मी तर जरा जास्तच. मग बिल्डरची माणसं दोनचार घरी येऊन 'नमस्कार' करून गेली. त्यानंतर एका संध्याकाळी काका सह्यांचा कागद घेऊन वर आले. बेल वाजली तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. हिला खुणेनेच नाही म्हणालो. ती म्हणाली, "हे जरा पडलेत हो काका, बरं नाहीये." काका म्हणाले, "असू दे, असू दे, उठवू नका." मग त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाताना मी ऐकला. एकेक पायरी. दुसऱ्या दारावर ते थांबलेच नाहीत, सरळ घरी गेले. त्या रात्री ही माझ्याशी जेवणापुरतंच बोलली. काका आजही भेटले की हसून बोलतात, तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

म्हणून चर्चमधला प्रसंग मी आता वेगळ्या कानांनी ऐकतो. केन आत येतो, प्रार्थना थांबते. पोरांना बाहेर खेळायला पाठवतात आणि चर्चा सुरू होते. चर्चाच! कुणी म्हणतं हे पोलिसांचं काम, आम्ही कर भरतो कशाला. कुणी म्हणतं याला सोडलं वरच्यांनी, आम्ही का निस्तरायचं. एखाददुसरा खडसावणाराही निघतो. मग मेयर हेंडरसन उठतो, केनचा जवळचा माणूस. तो केनचं इतकं मनापासून कौतुक करतो की आता सगळे बंदुका घेऊन उठणार असं वाटतं. आणि त्याच दमात सांगतो की उत्तरेकडचे पैसेवाले इथे दुकानं, कारखाने काढायच्या विचारात आहेत, रस्त्यात मुडदे पडले तर ते बिचकतील, तेव्हा गावाच्या भल्यासाठी तू निघून जा. थॉमस मिचेलने हे भाषण केलंय, त्यात कपटाचा लवलेश नाही. तो खरंच केनचं आणि गावाचं भलं चिंततोय. विकासाच्या नावाखाली माणूस एकटा कसा पाडतात, ते १९५२ सालच्या या दोन मिनिटांत आहे.

हॉक्सला मला इथेच उत्तर द्यावंसं वाटतं. केन मदत मागतो ती स्वतःचा जीव वाचवायला नाही. जीवच वाचवायचा तर घोडागाडी तयार होती, गाव मागे टाकून तो निघालाही होता, आणि अर्ध्या वाटेवरून वळला. मिलर पूर्वी या गावाच्या उरावर बसलेला होता, त्याला हटवलं ते गावाने आणि केनने मिळून. मग तो परत येतोय तेव्हा गावाला हाक मारायची नाही तर कुणाला? 'रिओ ब्राव्हो'तल्या शेरीफला गावाची गरज वाटत नाही. केनला वाटते, कारण बिल्ला गावाने दिलाय आणि कायदाही गावाचाच आहे असं तो धरून चाललाय. मागण्यात कमीपणा नाही, विश्वास आहे. तो तासाभरात एकेका दारावर मोडत जातो.

पटकथा लिहिणाऱ्या कार्ल फोरमनला हे कुठल्या पुस्तकात वाचायला जावं लागलं नाही. १९५१ साली, शूटिंग चालू असतानाच, त्याला अमेरिकन संसदेच्या त्या कुप्रसिद्ध समितीपुढे हजर व्हावं लागलं. कम्युनिस्ट कोण कोण, नावं सांग. त्याने नावं दिली नाहीत. मित्र रस्ता बदलू लागले, निर्माता स्टॅन्ली क्रेमरशी भागीदारी तुटली. फोरमनने पुढे सांगितलं की त्या दिवसांत लोक त्याला जे बोलले ते त्याने संवादांत जवळपास तसंच घातलं. काळ्या यादीत नाव गेलं आणि तो इंग्लंडला निघून गेला. कूपर राजकारणाने पक्का उजवा, पण तो फोरमनच्या बाजूने बोलला, हे त्याच्या खात्यावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. वेनने मात्र १९७१ च्या एका मुलाखतीत फोरमनला देशाबाहेर घालवण्यात हातभार लावल्याचा पश्चात्ताप नाही असं सांगितलं. वर असंही, की शेवटी कूपर बिल्ला पायाखाली चिरडतो. तसं सिनेमात नाहीच. केन बिल्ला फक्त धुळीत टाकतो. आणि १९५३ च्या ऑस्करला कूपर हजर नव्हता तेव्हा त्याचं पारितोषिक घ्यायला स्टेजवर गेला होता तो हाच वेन.

दोन बायकांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. केटी हुरादोची हेलन रामिरेझ ही या गावात सगळ्यात शहाणी. मेक्सिकन बाई म्हणून गावाने तिला किती सोसायला लावलं असेल ते ती एका वाक्यात सांगून टाकते. केन मेला तर हे गावही मेलं, हे तिलाच आधी कळतं. दुकान विकून ती सामान बांधते. ती आणि केन समोरासमोर येतात तेव्हा स्पॅनिशमध्ये एकेक वाक्य बोलतात, वर्षभर भेट नाही, हो ठाऊक आहे, एवढंच. सगळा इतिहास त्यात येतो. या भूमिकेसाठी हुरादोला गोल्डन ग्लोब मिळालं. आणि ग्रेस केलीची एमी, केनची नवी बायको. वडील आणि भाऊ गोळीने गेलेले, म्हणून बंदुकीवरचा तिचा राग पुस्तकी नाही. गाडीत बसलेली ती पहिली गोळी ऐकताच उतरून पळत सुटते. हॉक्स ज्याला हसला त्या बायकोने त्या दिवशी सगळ्यात जास्त गमावलं. तिचं तत्त्वच गेलं. त्यात हसण्यासारखं काय आहे?

बारा वाजतानाचा तुकडा तर संकलन शिकणाऱ्याने पाठ करावा. दिमित्री टिऑमकिनच्या संगीताच्या ठोक्यावर एकेक चेहरा: चर्च, दारूचा अड्डा, म्हातारा हाव, फुलर, स्टेशनवरचे तिघे, आणि मिलर शिक्षा ऐकताना ज्या खुर्चीत बसला होता ती रिकामी खुर्ची. मग शिट्टी. नंतर क्रेनवरचा तो शॉट, केनच्या घामेजल्या चेहऱ्यापासून कॅमेरा वर वर जातो, छपरं दिसतात, बंद दारं दिसतात, आणि मध्ये एक काळा ठिपका उभा. १९८९ मध्ये पोलंडच्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने ४ जूनच्या निवडणुकीसाठी याच कूपरचं पोस्टर लावलं होतं, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका देऊन. लोकांनी या वेळी दारं उघडावीत म्हणून.

सगळं संपल्यावर गाव बाहेर येतं. जे तासभर कुठेच नव्हते ते क्षणात रस्ताभर होतात. केन कुणाशी बोलत नाही. घोडागाडी आणून उभी करतो तो मघाचा चौदा वर्षांचा पोरगा.