मॅस्टायटिस "जनावरांचा शब्द" आहे म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर. सर म्हणते कारण कमेंटमध्ये तुम्ही स्वतःला 'मेडिकल लाईनमधला माणूस' म्हटलंय, नाव काही दिलेलं नाही.

रात्रीच उत्तर लिहायला घेतलं होतं पण नवरा म्हणाला, झोप आता, सकाळी डोकं शांत असेल. सकाळ झाली, डोकं काही शांत झालं नाही, तेव्हा लिहितेच. बाकीच्या वाचकांसाठी सांगते, मागच्या लेखात मी अंगावर पाजणाऱ्या बाईच्या स्तनाला सूज, लाली, ताप येतो त्याला मॅस्टायटिस म्हटलं. त्यावर सर लिहितात, "ताई, मॅस्टायटिस हा गाई-म्हशींचा शब्द आहे, बायकांना होतो तो ब्रेस्ट अ‍ॅब्सेस. हे इन्फेक्शन असतं, अँटिबायोटिक लागतंच, २४ तास वाट बघायला सांगणं धोक्याचं. गरम शेकाचाही उल्लेख नाही. आधी अभ्यास करा, मग ज्ञान पाजळा."

ज्ञान पाजळा! अहो, चूक दाखवायची तर दाखवा ना, दहा वेळा दाखवा, पण ही कुठली भाषा? हेच वाक्य एखाद्या पुरुष डॉक्टरच्या लेखाखाली लिहिलं असतंत का, हे जरा स्वतःलाच विचारा. आणि 'ताई' म्हणून सुरुवात केली की पुढे काहीही बोललेलं चालतं असं नसतं.

एक मान्य करते. लेखात एका ठिकाणी मॅस्टायटिस आणि दुसरीकडे मॅस्टिटिस असं पडलंय, वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. सगळीकडे एकसारखं केलंय. त्यासाठी धन्यवाद.

आता 'जनावरांचा शब्द'. मॅस्टोस म्हणजे ग्रीकमध्ये स्तन, आयटिस म्हणजे दाह. कुणाचा स्तन, हे त्यात कुठे आलं? जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली मॅस्टायटिसची कारणं आणि उपचार यावर पुस्तिका काढली, ती बाळंतिणींवरच आहे, गोठ्यावर नाही. आणि मेडिकल लाईनमध्ये आहात म्हणता तर आयसीडी-१० चे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीचे, कोड रोज बघत असाल. बाळंतपणाशी संबंधित अ‍ॅब्सेसचा कोड ओ ९१.१, पू न झालेल्या मॅस्टायटिसचा ओ ९१.२. शेजारी शेजारी, पण वेगळे. अ‍ॅब्सेस म्हणजे आत पू साचून गळू झालेलं, ते सुईने नाहीतर चिरा देऊन काढावं लागतं. मॅस्टायटिसकडे दुर्लक्ष झालं तर पुढे अ‍ॅब्सेस होऊ शकतो, पण म्हणून काही दोन्ही एकच होत नाहीत. तान्ह्या बाळाच्या छातीला इन्फेक्शन होतं त्यालाही मॅस्टायटिसच म्हणतात, कोड पी ३९.०. आता ते बाळही जनावर का?

तुम्हाला हा शब्द गोठ्यातला का वाटतो ते मला कळतं बरं का. मी म्हशींच्या घरातलीच आहे. आमच्याकडे त्याला दगडी म्हणायचे, पेपरात कासदाह छापून यायचं. आई धार काढायच्या आधी प्रत्येक सडाच्या पहिल्या चिळकांड्या काळ्या फडक्यावर मारायची आणि फडकं उजेडात धरून बघायची, गुठळी दिसतेय का, पाणचट आलंय का. जरा शंका आली की त्या सडाचं दूध वेगळं, डेअरीला नाही, आणि दुपारच्या आत जनावरांचा डॉक्टर दारात. का? तर सड बाद झाला की म्हशीची किंमत पडते. गल्लीतला प्रत्येक माणूस येऊन विचारायचा, दगडी उतरली का. आणि त्याच गल्लीत एखाद्या वहिनीची छाती सुजली तर "तिला जरा बरं नाही" एवढंच, तेही कुजबुजत. मेडिकलवाल्यासमोर स्तन शब्द उच्चारायची चोरी, तिथे मॅस्टायटिस कोण म्हणणार! म्हणून हा शब्द तुमच्या कानावर फक्त कृषी पुरवणीतून आला. त्यात शब्दाचा काय दोष?

मी स्वतः यातून गेलेय. धाकट्याच्या वेळी माहेरी होते, हुडहुडी भरून ताप, अंग मोडून आलेलं, सगळ्यांना वाटलं मलेरिया. उजव्या बाजूला लालभडक तिकोनी पट्टा आणि ब्लाऊजचा काठ लागला तरी डोळ्यात पाणी. ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी छातीकडे न बघताच दूध आटायच्या गोळ्या लिहून दिल्या, शेजारच्या काकू म्हणाल्या दूध नासलंय, पोराला देऊ नकोस. नंतर दुसरीकडच्या एका सिस्टरने नीट सांगितलं, पाजत राहा, त्या दुधाने बाळाला काही होत नाही, अचानक बंद केलंस तर आणखी साकळेल. या आजाराचं नाव मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकलं. आता मला सांगा, अभ्यास कुणी करायला हवा होता?

'इन्फेक्शनच असतं' याबद्दल एवढंच, आर्थ्रायटिसमध्येही आयटिस आहे, म्हणून प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला अँटिबायोटिक देता का? दूध साकळून नुसती सूज येते, त्यावर कधी जंतू चढतात, कधी नाही. आणि ग्रॅन्युलोमेटस मॅस्टायटिस म्हणून एक प्रकार असतो, त्यात नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, टीबी नाही ना हे बघायला बायोप्सी करावी लागते.

गरम शेकाचं म्हणाल तर अ‍ॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०२२ च्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे उपचारांच्या सूचनांमध्ये, बर्फाचा शेक आहे, जोरात मालिशही नको म्हटलंय. २४ तासांचं मी काय लिहिलंय ते परत वाचा. ताप नसेल, बाई बरी असेल तर, आणि तेवढ्यात उतार पडला नाही तर डॉक्टर. हुडहुडी भरली तर थांबायचंच नाही, हे त्याच्याच पुढच्या ओळीत आहे. तिथपर्यंत तुम्ही पोचलाच नाहीत बहुतेक.

कमेंट उडवणार नाही, राहू दे. पुढच्या वेळी नाव घालून लिहा.