हायपेरियन चुकला, पण नेमका कुठे?

मार्क ग्रुएनवाल्ड यांनी लिहिलेली आणि मार्व्हलने १९८५-८६ मध्ये १२ अंकांत प्रसिद्ध केलेली ‘स्क्वाड्रन सुप्रीम’ ही महामानवांच्या संघाची कॉमिक मालिका परवा कट्ट्यावर वादाचा विषय झाली, आणि तो वाद सुरू केला मंदारने. परक्या शक्तीच्या ताब्यात असताना आपल्याच हातून उद्ध्वस्त झालेला देश हायपेरियनच्या नेतृत्वाखालचे हे महामानव एका वर्षात सावरायचे ठरवतात, उपासमार संपवायला निघतात, लोकांकडून बंदुका काढून घेतात; यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे, असा त्याचा सवाल होता.

“अरे, गुन्हेगारांची मने बदलणारे ते यंत्र विसरलास का?” नीलिमाने विचारले.

मंदारच्या मते यंत्र वाईट नव्हते. संघातल्या गोल्डन आर्चरने लग्नाला नकार देणाऱ्या सहकारी लेडी लार्कवर ते चोरून वापरले, तो एका माणसाचा गुन्हा होता आणि संघाने त्याला हाकलूनही दिले. मला हे उत्तर फार सोपे वाटले. लेडी लार्कच्या मनाशी संमतीविना खेळणे अक्षम्य ठरवणारा संघ तुरुंगातल्या कैद्याने दडपणाखाली दिलेल्या होकारावर मात्र समाधान मानतो. इतकेच नव्हे, तर पराभूत शत्रूंची मने बदलून त्यांना स्वतःच्याच संघात घेतो. त्यांच्यापैकी एप एक्सला संघातल्याच मूनग्लोची फितुरी कळते, तेव्हा संघाशी द्रोह करायचा नाही आणि संघातल्या कोणाचाही घात करायचा नाही या मनात भरलेल्या दोन आज्ञांच्या कात्रीत सापडून ती कोलमडते. वफादारी यंत्राने घडवली की तिचे काय होते, हे दाखवणारा इतका नेमका प्रसंग मी सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये दुसरा वाचलेला नाही.

सुहासला मात्र यंत्रापेक्षा नाइटहॉक महत्त्वाचा वाटत होता. एकेकाळी राष्ट्राध्यक्ष असलेला हा माणूस योजनेला विरोध करून संघ सोडतो, हायपेरियनला मारण्यासाठी खास गोळी घेऊन येतो आणि ऐन वेळी ती झाडू शकत नाही. “तुमचे हेतू शुद्ध आहेत हे त्यालाही मान्य आहे,” सुहास म्हणाला, “पण तुमच्यानंतर ही सत्ता आणि ही यंत्रे कोणाच्या हाती जातील, एवढेच तो विचारतो.” त्यावर मंदारने पेच टाकला, की हाच नाइटहॉक पुढे संघाविरुद्ध लढायला रिडीमर्स नावाची टोळी जमवतो, म्हणजे जनतेला तोही विचारत नाही. हा मुद्दा बिनतोड होता. सुहासने चहा मागवून वेळ काढला.

(ग्रुएनवाल्ड १९९६ मध्ये वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा या मालिकेच्या पुस्तकरूपातील पहिल्या छपाईच्या शाईत मिसळण्यात आली, हे मंदारला आमच्याकडूनच कळले. लेखकाचा या कथेत किती जीव होता, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?)

शेवटच्या अंकातील लढाईत नाइटहॉक मरतो, आणि त्याचेच म्हणणे खरे होते हे कबूल करून हायपेरियन सारी योजना गुंडाळतो. मंदारला हा शेवट पटत नाही. अन्नाची व्यवस्था आणि मनाचे यंत्र एकाच गाठोड्यात का बांधायचे, असे तो विचारत राहिला. नीलिमाचे उत्तर असे, की दोन्ही गोष्टी संघाच्या बंद खोलीतल्या मतदानातूनच निघाल्या होत्या, म्हणून अन्न ठेवायचे असेल तर तेही लोकांना विचारूनच ठेवावे लागेल. “आणि लोक नाही म्हणाले तर?” मंदारने विचारले. “तर हायपेरियनने निवडणूक लढवावी,” ती म्हणाली.