बारा फुटांचा चढ

न्यू जर्सीत घराला तळघर असतं आणि ते रिकामं ठेवलं तर पाहुणेसुद्धा हळहळतात. आमच्या दिवाणखान्यात 75 गॅलनची, म्हणजे साधारण 284 लिटरची, खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आहे. तिच्या गाळण्या, हीटर, नळ्या आणि तो फेस काढणारा उभा नळकांडा हा सगळा पसारा आपल्या नजरेआड गेला पाहिजे, असं बायकोनं फर्मावलं. त्यामुळे संप, म्हणजे हा सगळा पसारा ज्यात बसतो ती खालची टाकी, तळघरात गेला. टाकीतलं पाणी खाली आपण होऊन उतरतं. वर आणायला मात्र पंप लागतो, आणि तो निवडायचं काम माझ्याकडे आलं.

खोक्यावर 'ताशी 1200 गॅलन' असं ठसठशीत छापलेलं असतं. आकडा खोटा नाही. स्थळाच्या पत्रिकेतल्या पगारासारखा तो खराच असतो, फक्त कुठल्या अटींवर ते विचारायचं असतं. इथली अट अशी, की पंपाला पाणी इंचभरही चढवायला लावू नका. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात 'कमाल हेड 13 फूट' लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ तेरा फुटांवर पाणी मिळतं असा नाही, तेरा फुटांवर ते बंद होतं असा आहे. संपातल्या पाण्यापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत आमचा चढ 12 फूट. मला हवे होते टाकीच्या पाचपट, ताशी 375 गॅलन. या पंपाकडून करंगळीएवढी धार आली असती, तीही वाटेतल्या एल्बोंनी, म्हणजे पाइपच्या वळणांनी, आपापला वाटा कापून घेतल्यावर.

दुकानातला पोरगा म्हणाला, "डीसी पंप घ्या, फोनवरून वेग बदलता येतो." माझ्या लेकीला ते फार पटलं. मला पाणी वर यायला हवं होतं, तिला ॲप. बायकोची एकच अट, आवाज नको. कारण संपाशेजारच्याच खोलीत उन्हाळ्यात माझे आईवडील झोपतात. बाहेर बसवायचे दांडगे पंप चढतात जोरात, पण घरघरतातही तसेच. पाण्यात बुडवायचे शांत असतात, मात्र आपली उष्णता पाण्यालाच देतात. शिवाय वीज: 100 वॉटचा पंप अखंड चालला तर वर्षाला 876 युनिटं. मासे भाडं देत नाहीत.

शेवटी गावी वाळव्याला वडिलांना, म्हणजे अण्णांना, व्हिडिओ कॉल लावला. नदीवरून उसाला पाणी चढवण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी माशांची चौकशी केली नाही.

"चढ किती?"

"बारा फूट."

"पाइप?"

"पाऊण इंची."

"एक इंची घाल. आणि काटकोनी एल्बो नको, दोन अर्धे लाव. लाइट गेली म्हंजे?"

हा प्रश्न दुकानातल्या पोराला सुचला नव्हता. लाइट गेली की वरचं पाणी खाली येतं. 48 बाय 18 इंचाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे पावणेचार गॅलन. तेवढी जागा संपात मोकळी नसेल तर ते गालिच्यावर येतं. पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह आहे म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "त्यात गोगलगाय अडकली की संपलं." मग वर टाकीत पाणी सोडणाऱ्या परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत एक भोक पाडायचं ठरलं. पातळी थोडी उतरली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतं, म्हणजे पाणी खाली ओढलं जाणं थांबतं.

आवाजाचं मी भीत भीत सांगितलं. अण्णा हसले. "अरे, विहिरीवर रात्रीच्या लाइटीला जन्म गेला माझा. मोटार चालू असली की गाढ झोप लागायची. बंद पडली की जाग यायची."

तो अडसर गेल्यावर कमाल हेड 21 फुटांचा, बारा फुटांवर 500 गॅलन देणारा, बाहेर बसवायचा पंप घेतला. लेकीनं ॲप नसल्याचा निषेध नोंदवला. पाणी वर आल्याचं अण्णांना कॅमेऱ्यातून दाखवलं. त्यांनी धार नीट पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, "ही जळाली तर माशांना काय सांगणार? दुसरी कुठंय?"

आता दुसरी बघतोय.