‘हजार अंशांतही ९९ टक्के शोषण’: मेणावर मोजलेला आकडा

सध्या एक दावा जोरात फिरतो आहे: ‘ग्राफीन (कार्बनचे अतिपातळ रूप) मिसळलेल्या सिरॅमिकचा अडीच मिलिमीटरचा थर १००० अंश सेल्सिअस सोसतो, रडारच्या ९९ टक्के लहरी गिळतो, म्हणजे विमान रडारला दिसतच नाही.’ एकेक तुकडा घेऊ.

‘९९ टक्के गिळतो.’ म्हणजे परावर्तन उणे २० डेसिबल, शंभरातला एकच भाग परत. असे आकडे बहुतेकदा कसे निघतात? पूड पॅराफिन मेणात कालवायची, बाहेरून ७ आणि आतून ३ मिलिमीटर व्यासाची कडी दाबायची, तिचा परावैद्युतांक (पदार्थात शिरलेल्या लहरीची लांबी किती आखूड होते ते ठरवणारा आकडा) मोजायचा. मग मागे धातूचा पत्रा आहे असे धरून परावर्तन सूत्राने काढायचे. पॅराफिन साठेक अंशांना वितळते! हजार अंशांची बढाई ज्या कडीवर, ती गरम चहातही टिकणार नाही. तापलेल्या नमुन्याचे माप हवे तर घट्ट वडी भट्टीत ठेवून कर्ण्याच्या आकाराच्या हॉर्न अँटेनाने मोजावी लागते.

‘तापल्याने फरक पडत नाही.’ खरी गोम इथेच आहे. शोषणाचा कळस जाडी पाव तरंगलांबीइतकी असते तिथे येतो. १० गिगाहर्ट्झला हवेत पाव तरंगलांबी ७.५ मिलिमीटर, परावैद्युतांक ९ असेल तर थरात ती २.५. अशा थरांतला कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइड (सिलिकॉन-कार्बनचे कठीण सिरॅमिक) तापले की परावैद्युतांक सहसा वाढतो. तो १२ झाला तर त्याच थराचा कळस ८.७ गिगाहर्ट्झवर सरकतो, आणि १० वर बसवलेले गणित चुकते.

‘हजार अंश सोसतो.’ आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूत, हो. हवेत उघडा कार्बन साधारण ५०० अंशांपासून जळू लागतो. कार्बनवर सिलिकॉन कार्बाइडचे आवरण दिले तर त्यावर सिलिकाची (काचेसारख्या ऑक्साइडची) साय धरते, पण ती भेगा बुजवण्याइतकी भराभर वाढायला हजाराच्या आसपासचे तापमान लागते. त्याआधीचा, ५०० ते ९०० चा पट्टा सर्वांत वाईट: थंड होताना पडलेल्या भेगा अजून उघड्या आणि आतला कार्बन पेटायला तयार. म्हणून बोरॉनयुक्त थर देतात. त्याचे ऑक्साइड ४५० अंशांच्या सुमारास वितळून भेगा बुजवते. मात्र दमट हवेत अधिक तापमानाला तेही उडून जाते.

‘कार्बन जितका जास्त तितके बरे.’ उलट. कण एकमेकांना टेकून जाळे झाले की पृष्ठभाग धातूसारखा वागतो आणि लहर आत शिरण्याआधीच परतते. म्हणून वर मुलाइटसारख्या (ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या ऑक्साइडांचे सिरॅमिक) पदार्थाचा जवळपास कार्बनविरहित थर, खाली क्रमाने वाढता कार्बन.

‘दिसतच नाही.’ रडारचा पल्ला परतीच्या शक्तीच्या चौथ्या मुळाने घटतो. परतावा शंभरपट घटला तरी ३०० किलोमीटरचा पल्ला ९५ च्या आसपास येतो, शून्यावर नाही. आणि तेही थर ज्या वारंवारितेला बसवला तिथेच. १ गिगाहर्ट्झच्या रडारला परावैद्युतांक ९ च्या थरातही पाव तरंगलांबी २५ मिलिमीटर लागते. त्याच्यासाठी अडीच मिलिमीटरचा थर म्हणजे जवळपास उघडा पत्राच.